आईचा बटणांचा फोन

आईने मोबाइल मला परत दिला तेव्हा ती रागावलेली नव्हती. तिने तो पदराने पुसला, चार्जरची वायर गुंडाळली, दोन्ही एका पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा बाय," ती म्हणाली. "काचंवर मना काय दिसत नाय. मना बटनं पायजेत."

आई शहात्तर वर्षांची आहे. आमचं मूळ गाव खाडीकाठचं. जमीन प्रकल्पात गेली आणि तिच्या बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला, त्यावर वडिलांनी तीन मजली इमारत बांधली. खाली आई-वडील, वर भाडेकरू. वडील गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून खालच्या घरात आई एकटी आहे. मी एकुलती एक. लग्नानंतर सीवूड्सला आले, अकराव्या मजल्यावर राहते आणि न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं करते.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. या आजारात नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसतो आणि कडा तेवढ्या शाबूत राहतात. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, पण त्याच्या चपला दिसतात, हातातली पिशवी दिसते. आई त्यामुळे घरभर व्यवस्थित फिरते, भात लावते, मासळी साफ करते. पण मोबाइलचा पडदा म्हणजे तिच्या दृष्टीने नुसता उजेड. त्यात तरुणपणी तिने मिठागरात काम केलेलं. तिच्या बोटांची कातडी इतकी जाड आणि कोरडी आहे की काचेला तिचं बोट लागलेलंच कळत नाही. मी तिला बोलून फोन लावायला शिकवलं होतं. ती आपल्या आगरीत म्हणायची, "माज्या पोरीला फोन लाव," आणि फोनमधली बाई तिला हिंदीत हवामान सांगायची.

मग मी तिला साधा, बटणांचा छोटा मोबाइल आणून दिला. त्याची बटणं तिच्या बोटाखाली दोन-दोन एकदम दाबली जायची. शिवाय चार्जरच्या पिनचं भोक तिला सापडायचं नाही. दर दोन दिवसांनी फोन बंद, आणि मी ऑफिसातून पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंना विनवणी करतेय की जरा खाली जाऊन बघता का. एकदा तर ते घरात नव्हते आणि मी अर्धा दिवस टाकून करंजाड्याला धावले. आई अंगणात पापड वाळत घालत होती.

त्या दिवशी आमचं भांडण झालं.

"आता बास," मी म्हटलं. "तू सीवूड्सला चल. कायमची."

"पंधरा दिस राह्यली होती ना? बघितलं सगलं. तुमच्याकडं दार लावलं की कोन हाय, कोन नाय, काय कलत नाय."

"आणि इथे तुला काही झालं तर मला कसं कळणार?"

"मी फोन करीन."

"कशावरून करशील? तुला एकही फोन लावता येत नाही, आई!"

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. आई मान किंचित वाकडी करून, डोळ्याच्या कडेने मला पाहत म्हणाली, "जुना फोन होता ना आपल्याकडं, तारंचा. तो मी अंधारात लावायची. तसा आन. मी शिकते. तवा बोल."

मी तिथल्या तिथे अट घातली. दोन महिने. दोन महिन्यांत ती स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय मला फोन लावू शकली, तर सीवूड्सचा विषय मी काढणार नाही. आणि नाही जमलं तर ती सामान बांधणार.

"चालंल," आई म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला जमणार नाही असंच मला वाटत होतं. पण प्रयत्न मात्र मी प्रामाणिकपणे करायचा ठरवला, नाहीतर ती मला आयुष्यभर ऐकवत राहिली असती.

तारेचा फोन एका जागी बांधलेला राहणार. आई घरात कुठे असेल आणि कुठे पडेल याचा नेम नाही. म्हणून मी कॉर्डलेस शोधला. दुकानदाराला तो माळ्यावरून काढावा लागला. खोक्यात दोन हँडसेट होते. एकाचा ठोकळा मुख्य, त्यालाच लाइनची तार जोडायची. दुसऱ्याला नुसती चार्जिंगची बैठक. दोन्ही हँडसेटची बटणं मोठी, फुगीर, एकमेकांपासून सुटी, आणि पाचाच्या बटणावर एक बारीक टिंब उठलेलं. मला सगळ्यात आवडली ती बैठक. फोन नुसता तिच्यात उभा ठेवायचा, चार्ज होतो. पिन नाही, भोक नाही.

आता लाइन हवी होती. जुनी तांब्याची लाइन आमच्या भागात आता कुणी देत नाही. इंटरनेटच्या डब्यातूनच टेलिफोन मिळतो. मी जोडणी घेतली आणि एका शनिवारी ती लावायला माणूस आला. पन्नाशीचा, कमरेला पट्टा, बोलायला मोकळा. त्याने डबा टीव्हीशेजारी भिंतीवर ठोकला, इंटरनेट सुरू करून दाखवलं आणि सामान भरायला लागला.

"आणि टेलिफोन?" मी विचारलं.

"मॅडम, लँडलाइन आता कोण वापरतं? आजींना मोबाइलवर वायफाय लावून द्या ना. व्हिडिओ कॉल करतील मस्त."

"दादा," आई आतून म्हणाली, "मना व्हिडिओ दिसत नाय."

तो एकदम थांबला. पट्टा पुन्हा बांधला आणि डब्यासमोर उकिडवा बसला. टेलिफोनचा दिवा लागलेला नव्हता. ती सेवा वरूनच चालू करून घ्यावी लागते, ती झालेली नव्हती. त्याने आपल्या ऑफिसला फोन लावला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. प्रत्येक जण आणखी कुणाचं तरी नाव सांगत होता. मी चहा केला. पाऊण तासाने डब्यावरचा तिसरा दिवा हिरवा झाला आणि त्याने हँडसेटच्या पाठीचं झाकण काढून दोन छोटे सेल बसवले. फोन बैठकीत ठेवल्यावर टूं असा आवाज आला.

"आजी, आता हात लावायचा नाही. पहिल्यांदा सोळा तास चार्ज झाला पाहिजे. नाहीतर सेल लवकर बसतात."

"सोला तास म्हंजे उद्या सकालपर्यंत," आई म्हणाली.

"आणि एक. लाइट गेली की हा बंद. डबापण बंद. त्याला छोटा बॅकअप लावून घ्या."

करंजाड्यात लाइट जाते. मी त्याच संध्याकाळी पनवेलला जाऊन बॅकअप आणला. फोनच्या खोक्यात आलेली तार हातभर होती, म्हणून ठोकळा डब्याला चिकटून ठेवावा लागत होता आणि आवाजात खरखर येत होती. रविवारी जाऊन लांब तार आणली, ठोकळा आईच्या पलंगाजवळच्या कोनाड्यात नेला, खरखर गेली. दुसरा हँडसेट स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी. दोन हँडसेट एकमेकांनाही लावता येतात, कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की दुसऱ्याची घंटी वाजते. ते मी आईला दाखवलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पलंगावर बसून अंगठ्याने बटणं चाचपत होती.

"पाच कुठं हाय ते कललं," ती म्हणाली. "वर दोन. खाली आठ. बाजूला चार आनि सहा."

"आई, मी एक सोय करून देते. दोनचं बटण दाबून धरलंस की मला फोन लागेल. नंबर लावायलाच नको."

"नको."

"अगं, सोपं आहे."

"माजी पोर दोन नंबरवर नाय. तिचा नंबर धा आकड्यांचा हाय, तो मना पाट हाय. तो मी लावनार."

तिला खरोखर पाठ होता. आई शाळेत गेलेली नाही, पण आकडे तिला येतात आणि एकदा ऐकलेला नंबर ती विसरत नाही. माझा, जावयाचा, तिच्या बहिणीचा, गॅसवाल्याचा. पाठ असणं ही अडचण नव्हतीच. अडचण बोटांची होती.

मी सीवूड्सला परतले. रोज संध्याकाळी सातला मी फोन करायचा आणि आईने तो उचलायचा, एवढं लगेच जमलं. तिचा फोन मात्र येईना. पहिला आठवडा गेला.

"लावतेस का?" मी विचारायचे.

"रोज लावते. एक बाई बोलते."

"कोण बाई?"

"म्हायत नाय. तेच तेच बोलते. मी तिला सांगते माज्या पोरीला दे, तर ऐकतच नाय."

शनिवारी गेल्यावर कळलं. आईने माझ्यासमोर नंबर लावला. सावकाश, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत, एकही न चुकता. आणि रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली की मोबाइल क्रमांकाच्या आधी शून्य लावा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लागतं हे मीच तिला सांगितलं नव्हतं. माझ्या ते ध्यानातच नव्हतं. आठवडाभर ती बरोबर नंबर लावत होती आणि चूक माझी होती.

मी कबूल केलं. आईला राग आला नाही. "म्हंजे अकरा आकडे," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पण अकरा आकडे लावायला तिला इतका वेळ लागायचा की सातव्या-आठव्या आकड्याला फोन कंटाळून टूं टूं करू लागायचा. त्यावर उपाय मी माहितीपत्रकात शोधला: आधी आकडे दाबायचे, हवा तितका वेळ घ्यायचा, आणि शेवटी हिरवं बटण. हे तिला एकदम पटलं. हिरवं बटण कुठलं ते कळावं म्हणून मी त्यावर ब्लाउजच्या हुकाएवढा चिकटपट्टीचा तुकडा लावला.

त्यानंतर ती सरावाला बसली. सकाळी भांडी झाल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला सांगायच्या, आजींचा आवाज जिन्यापर्यंत येतो, पाढे म्हटल्यासारखा. चुका व्हायच्याच. तिचा अंगठा सहाऐवजी वरच्या तीनवर पडायचा, आणि माझ्या नंबरातला शेवटचा आकडा सहा आहे. त्यामुळे पेणकडच्या कुणा एका गृहस्थांना फोन लागायचा. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्या वेळी त्यांनी तिला विचारलं, "आजी, तुम्हाला कोण पाहिजे?" आईने पूर्ण नंबर म्हणून दाखवला. ते म्हणाले, "शेवटी तीन दाबताय तुम्ही. बोट एक घर खाली घ्या, मग दाबा."

"भला मानूस," आई मला नंतर म्हणाली. "ठेवला नाय त्यानं फोन. थांबला."

महिना आणि वर चार दिवस झाले होते. मी ऑफिसात होते, एका कंटेनरच्या कागदात वजन चुकलं होतं म्हणून साहेब वैतागले होते, आणि माझ्या मोबाइलवर करंजाड्याचा नंबर आला. मी उचलला. पलीकडे फक्त श्वास.

"आई?"

"लागला," ती म्हणाली.

बस, एवढंच. काय बोलायचं ते तिने ठरवलेलंच नव्हतं. शेवटी मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "बोंबील केले." आणि ठेवून दिला. मी उठून पाण्याच्या मशीनपाशी गेले आणि तिथे जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

अट ती जिंकली होती. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दिवसाला तीन-चार फोन यायला लागले. नारळ आणलेत, ने. बहिणीशी बोलले. पाणी आलं नाही. मी कौतुकाने उचलत होते, मग थोडं कमी कौतुकाने.

आणखी काही दिवसांनी मी करंजाड्याला गेले तर स्वयंपाकघरातला हँडसेट जागेवर नव्हता. बैठकही नव्हती. मिसळणाच्या डब्याशेजारी नुसता रिकामा प्लग.

"आई, दुसरा फोन कुठाय?"

"वर दिलाय."

"वर कुणाला?"

"दुसऱ्या माल्यावर. सोलापूरवाल्या पोरीला."

दुसऱ्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी एक जोडपं राहायला आलं होतं. नवरा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो, दोन-दोन दिवस घरी नसतो. बायको तेवीस-चोवीस वर्षांची, सोलापूरकडची, इथे तिचं कुणी नाही. तिला दिवस गेले होते एवढं मला माहीत होतं.

मी चिडले. "तो तुझ्यासाठी घेतला होता! स्वयंपाकघरात घसरलीस तर पलंगापर्यंत कशी येणार तू?"

"तिचा बीपी वाढलाय," आई म्हणाली. "डॉक्टरनं पलंगावरून उतरू नको सांगितलंय. आठवा म्हैना हाय. एकटी असते दिवसभर."

"तिच्याकडे मोबाइल आहे की."

"हाय. पन ती कुनाला करत नाय. आयेला सांगत नाय, आये घाबरंल म्हनून. नवऱ्याला सांगत नाय, तो गाडी चालवतो म्हनून. मंग मीच तिला करते. कोपऱ्यातलं बटन दाबलं की वाजतो तिच्याकडं. सकाली, जेवल्यावर आनि चार वाजता."

मी वर गेले, जरा तावातच. दार उघडंच होतं. ती पलंगावर डाव्या कुशीवर पडली होती, पाय सुजलेले, आणि तो हँडसेट तिच्या उशीला टेकून उभा होता. मला बघून उठायला लागली.

"पडून राहा," मी म्हटलं.

"ताई, फोन न्यायला आलाय का? मी आजींना म्हटलं होतं, नको म्हणून. त्या ऐकंनात." मग म्हणाली, "पण खरं सांगू का ताई, जेवल्यावर त्यांचा फोन आला की बरं वाटतंय बघा. त्या इचारतात, डोकं दुखतंय का, डोळ्यापुढं चमकतंय का. दवाखान्यात सांगितलंय ना, तसं झालं तर लगेच या म्हणून. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई, त्यांच्या ऱ्हातंय."

मी फोन तसाच ठेवून खाली आले. निघताना एवढंच म्हटलं, की निदान पलंगाजवळचा तरी हातात घेऊन फिरत जा. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती तो कमरेला खोचून फिरायला लागली.

जवळजवळ तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी दीडच्या सुमाराला आईचा फोन आला. मी जेवणाचा डबा उघडत होते.

"बाय, ऐक. मदी बोलू नको," आई म्हणाली. आवाज शांत होता, पण धाप लागलेली होती. "मी वर हाय. ही पोर बरी नाय. उलटी झाली, डोकं फुटतं म्हनते, आनि तिला दिसत नाय. गाडी बोलावलीय मी, ॲम्बुलन्स, येते बोलले. तिच्या नवऱ्याचा नंबर सांगते, लिव."

मी कागद ओढला. आईने दहा आकडे सांगितले, एका दमात.

"तो बंदराकडंच हाय आज. तुज्या जवल हाय. त्याला घेऊन ये." आणि फोन बंद.

नंतर तुकड्यातुकड्यांनी मला सगळं कळलं. जेवल्यावर आईने नेहमीसारखं कोपऱ्यातलं बटण दाबलं. वर घंटी वाजत राहिली. तिने थांबून पुन्हा दाबलं. चार वेळा. मग फोन पलंगावरच टाकून आपल्या जुडग्यातली दुसऱ्या मजल्याची किल्ली घेतली आणि कठड्याला धरून दोन जिने चढली. दार आतून नुसतं लॅचवर होतं. मुलगी पलंगालगत जमिनीवर बसली होती, डोकं गादीला टेकलेलं. म्हणाली, "आजी, मला दिसंना." आईने तिला कुशीवर झोपवलं, पलंगावर हात फिरवून हँडसेट शोधला आणि रुग्णवाहिकेचा तीन आकडी नंबर लावला. पत्ता विचारल्यावर सांगितला. गल्ली, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचं मेडिकल, इमारतीचा रंग. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही रस्त्यावर उभ्या राहू शकाल का. आई म्हणाली, मी उभी नाही राहत, मी हिला सोडणार नाही, खाली माणूस उभा करते. आणि जिन्यात जाऊन पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना अशी हाक मारली की त्या पोळी तव्यावर टाकून धावल्या.

इकडे मी त्या नवऱ्याला फोन लावला. तो यार्डाच्या गेटबाहेर ट्रेलरच्या रांगेत उभा होता, पुढे तीस-चाळीस गाड्या. मी कोण, काय झालं, दोन वाक्यांत सांगितलं. तो नुसता "हां, हां" करत राहिला. मी ऑफिसची गाडी मागितली. साहेबांनी एक प्रश्न विचारला नाही, ड्रायव्हरला हाक मारली. दहा मिनिटांत मी रांगेपाशी होते. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात ट्रेलरची किल्ली, कुणाला द्यावी ते त्याला कळत नव्हतं. मागच्या गाडीतला एक वयस्क सरदारजी खाली उतरला, त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाला, "तू जा. गाडी मैं देखता हूँ."

पनवेलच्या हॉस्पिटलात पोहोचलो तर तिला आत नेलं होतं. आई बाहेर बाकावर बसली होती. पायांत चपला नव्हत्या. ती तशीच रुग्णवाहिकेत चढली होती. तिच्या मांडीवर तो वरचा हँडसेट होता, घरापासून पाच किलोमीटरवर, अर्थात मुका. तो हातातच राहून गेला होता.

नवरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आईला त्याचं तोंड दिसत नव्हतं. तिने त्याचे बूट बघितले असतील.

"बस," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले, येलेवर आनली. ऑपरेशन करनार हायत. तुजी सही पायजे."

तासाभराने मुलगी झाली. फार लहान, सव्वा महिना आधीची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सोलापूरच्या मुलीची प्रकृती दोन दिवस धोक्यात होती, आणि ते दोन दिवस तिला नीट दिसतही नव्हतं. डॉक्टर सांगत होते की बीपी उतरलं की नजर परत येईल. माझी आई दोन्ही दिवस हॉस्पिटलात गेली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आजी, तुमच्या साडीला हळद लागलीया." तेव्हा आई पहिल्यांदा रडली. मी तिला वडिलांच्या वेळीही एवढं रडताना पाहिलं नव्हतं.

बाळ तीन आठवडे पेटीत राहिलं, मग घरी आलं. सोलापूरहून मुलीची आई आली, चार महिन्यांसाठी लेकीला आणि नातीला घेऊन गेली. निघताना मुलीने हँडसेट आणि बैठक पुसून आणून दिली. आईने ती घेतली नाही. "वरच ठेवून जा. परत येशील तवा लागंल," म्हणाली.

डोळ्यांचं म्हणाल तर आईची नजर आणखी कमी झाली आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की डाग पसरतोय. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, सांगता येत नाही. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला होता. माझ्या जिभेवर सीवूड्सचा विषय आला होता, पण मी शब्द दिला होता. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "स्वयंपाकघरात फोन नाय. तू बोलली होती ना, घसरले तर काय. तिसरा मिलतो का?"

मिळाला. त्याच दुकानदाराने मागवून दिला. रविवारी मी घेऊन गेले, खोकं उघडलं आणि माहितीपत्रक वाचायला चष्मा लावला. नवा हँडसेट मुख्य ठोकळ्याला ओळखीचा करून द्यावा लागतो. ठोकळ्याच्या मागचं बटण बीप येईपर्यंत दाबून धरायचं, आणि तेवढ्यात हँडसेटवर चार आकडे लावायचे. दोन हात एकाच वेळी लागतात. मी ठोकळा हातात घेतला.

"दे इकडं," आई म्हणाली.

"थांब, मी करते. जरा किचकट आहे."

"तू नुसतं वाच. काय करायचं ते मोठ्यानं वाच."

मी पलंगाच्या कडेला बसून वाचायला लागले. पहिल्या वेळी बीप आला आणि तिचा अंगठा चुकला. दुसऱ्या वेळी बटण लवकर सुटलं. मी हात पुढे केला, तिने तो कोपराने बाजूला सारला.

"परत वाच," ती म्हणाली.